स्केल्डरो मूळचे कुठले

स्लाऊ,
२५ ऑक्टोबर १९८७

ती. सुप्रभामावशीस,
मीनलचा सा. न. वि. वि.

तुझं काळजीचं पत्र पोचलं. परवाच्या वादळात आम्ही सगळे ठीक आहोत. शेजारच्यांचं चेरीचं झाड आमच्या शेडवर येऊन झोपलं, एवढंच. अ‍ॅलन दोन वीकेंड करवत घेऊन त्याच्यामागे लागलाय.

मुख्य बातमी म्हणजे डॅड, अ‍ॅलनचे वडील, आमच्याकडे राहायला आले. ऑगस्टमध्ये सासूबाई डोरिस गेल्या, तेव्हापासून ते त्या घरात नुसते बसून असायचे. इथेही बसूनच असतात, पण निदान आमच्या डोळ्यांसमोर. तुला त्यांचा स्वभाव माहीतच आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा ओळखीपाळखीचे सगळे कुजबुजत होते आणि हे एकटे उठून मला म्हणाले होते की तुला चहात साखर किती लागते ते आजच सांगून ठेव. बाबा गेल्यानंतर मला असं कोणी विचारलं नव्हतं.

आता ते रोज एकच म्हणतात, मला घरी जायचंय. घरी म्हणजे डोरिसच्या घरी नव्हे, स्केल्डरोला. अगं, स्केल्डरो हे तर त्यांचं आडनाव! जन्म स्लाऊचा, सगळी नोकरी इथल्या ट्रेडिंग इस्टेटवरच्या कारखान्यांत. पण त्यांचे आजोबा जेकब रेल्वेच्या कामावर उत्तरेकडून आले होते, आणि ते सांगायचे म्हणे की आपण स्केल्डरो गावचे. दुपारची झोप झाली की डॅड डोळे न उघडताच सांगायला लागतात. दोन्हीकडे दगडी भिंती, मधून वाट, वाट वळते, आणि पाणी ऐकू येतं पण दिसत नाही. रोज तेच, पण रोज थोडंसं पुढे. काल वळणावर एक पांढरा दगड आला. मी ऑफिसात कौन्सिलच्या फाइली उघडून त्या वळणापाशी उभी असते, मावशी.

अ‍ॅटलासमध्ये असं गाव नाही. अ‍ॅलन म्हणतो डॅड गोंधळलेत. तू डॉक्टर आहेस आणि तिकडे उत्तरेतल्या डोंगरातही राहतेस, म्हणून विचारते. कधीच न पाहिलेल्या जागेची माणसाला आठवण येते का?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
मीनल

*

रेव्हन्सगिल,
१५ नोव्हेंबर १९८७

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मराठीत लिहिलंस म्हणून उत्तर लगेच. इंग्रजीत लिहिलं असतंस तर पावतीसुद्धा मिळाली नसती.

आधी डॉक्टर म्हणून सांगते. त्यांना रोज बाहेर काढ, वेळेवर खाऊ घाल, आणि ते जे सांगतात ते चूक आहे असं त्यांना पटवत बसू नकोस. अ‍ॅलनलाही बसू देऊ नकोस. आता मावशी म्हणून. हो, येते आठवण. तुझ्या आईला आणि मला आमच्या आजोळची यायची, आणि ते आम्ही जन्मायच्या आधीच विकलं गेलं होतं. आजी सांगायची आणि आम्ही दोघी आठवायचो.

मी इथे चौकशी केली. पोस्टमन म्हणाला असं गाव त्याच्या फेरीत नाही. आमच्या चर्चच्या पाद्र्यांनी, व्हिकरसाहेबांनी, नाव कागदावर लिहून घेतलं, ते उलटसुलट वाचलं आणि कागद खिशात घातला. या डोंगरात सकाळी धुकं असं उतरतं की समोरचं चर्चसुद्धा आहे की नाही याची खात्री नसते, तिथे एका गावाचं काय घेऊन बसलीस.

एक सुचवते. मोठ्या लायब्ररीत देशभरच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवलेल्या असतात. नाव इतकं विरळ असेल तर ही माणसं कुठे कुठे पसरली आहेत ते तरी कळेल. आडनावं पायांनी चालतात. मागे कुठून आली ते त्यांच्या वाटेवरून दिसतं.

अ‍ॅलनला आशीर्वाद. करवत जपून चालव म्हणावं, टाके घालायला मी जवळ नाही.

तुझी खुशाली वाचायला आतुर,
सुप्रभामावशी

*

स्लाऊ,
२४ जानेवारी १९८८

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी डिरेक्टऱ्यांची कल्पना लागू पडली, आणि ती कोणाला लागू पडली म्हणशील तर डॅडना. लंच टाइमला मी लायब्ररीत जायला लागले. दुसऱ्या आठवड्यात डॅड म्हणाले मीही येतो. आता ते टाय बांधून माझ्याआधी तिथे जाऊन बसलेले असतात. एस अक्षराच्या पानांवरून बोट फिरवतात, आणि नाव सापडलं की चष्मा काढून पुसतात. सापडलेल्या माणसाशी ओळख करून घ्यायची असावी, तसे.

फार नाहीतच गं. आम्ही इथले, अ‍ॅलन आणि डॅड. थोडी घरं पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबीला, मासेमारीच्या बंदरात. थोडी पश्चिमेला बर्नलीच्या गिरण्यांकडे. एक बॅरोला, जिथे जहाजं बांधतात. बाकी सगळ्या देशात एकही नाही. मी पिना टोचल्या आणि ती नकाशा जेवणाच्या खोलीत लावली. डॅड नाश्ता करताना तिच्याकडे बघत बसतात. सगळ्यांना पत्रंही पाठवलीत.

पण अ‍ॅलन खूश नाही. काल मला स्वयंपाकघरात म्हणाला की तू त्यांना आशा लावते आहेस, आणि ती जेव्हा तुटेल तेव्हा ते कोणाकडे बघतील? मी म्हटलं, गेले सहा महिने ते कोणाकडेच बघत नव्हते. मग आम्ही दोघंही भांडी पुसत राहिलो. तो वाईट नाही, मावशी. आईचं कपाट त्याने अजून उघडलेलं नाही. त्याला वाटतं की कशालाच हात लावला नाही तर सगळं जागच्या जागी राहील.

बघ ना, पिनांमधून मला काहीच दिसत नाही. एक इकडे, एक तिकडे. तुला काही दिसतं का?

आशीर्वाद मागणारी,
मीनल

*

रेव्हन्सगिल,
२८ फेब्रुवारी १९८८

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

नकाशा तो असतो, बाई. तो नकाशा, तो लावला. आता पुढचं बसून वाच, उभ्याने नको.

तुझं पत्र वाचून मी आपल्या शेवटी कर लावलेल्या आडनावांचा विचार करत होते. चिपळूणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून कोण हाक मारणार? तिथे सगळेच चिपळूणचे. माणूस पुण्याला आला की लोक त्याला गावाच्या नावाने ओळखायला लागतात. मग स्केल्डरो नावाची माणसं स्केल्डरोत सापडतीलच कशी? ती तिथून निघाली म्हणून तर स्केल्डरो झाली. मी माझा नकाशा काढला, तू लिहिलेल्या जागांवर डाळीचे दाणे ठेवले. ग्रिम्सबी, बर्नली, बॅरो. मधली जागा रिकामी राहिली, आणि त्या रिकाम्या जागेत मी स्वतः खुर्ची टाकून बसले आहे, हे लक्षात यायला मला चहाचा आख्खा कप लागला.

तरी गाव सापडेना. मग मंगळवारी माझ्या दवाखान्यात मिसेस थ्वेट आल्या. डोंगरावर त्यांची मेंढरं आहेत. मनगट सुजलेलं. कसं झालं विचारलं तर म्हणाल्या, वर स्केल्ड्राला मेंढ्याने ढकललं. मी पट्टी गुंडाळता गुंडाळता थांबले. पुन्हा म्हणायला सांगितलं. स्केल्ड्रा. त्यांना वाटलं डॉक्टरीणबाईंना ऐकू कमी येतं. म्हणाल्या, गाव कसलं, नुसती जागा आहे, पूर्वी घरं होती म्हणतात.

रविवारी त्या मला घेऊन गेल्या. दोन भिंतींमधून वाट आहे. पुढे कोसळलेल्या दगडांचे चौकोन, त्यांत गवत. आणि मीनल, हा चुनखडीचा डोंगर आहे, इथे ओढा मध्येच जमिनीत शिरतो आणि खालून वाहतो. पाणी ऐकू येतं, दिसत नाही. मी धुक्यात उभी राहून कितीतरी वेळ ऐकत होते.

व्हिकरसाहेबांनी खिशातला कागद काढला. स्केल्डरो म्हणजे जुन्या भाषेत खळाळणारा कोपरा असावा, पण छातीठोक सांगत नाही, असं म्हणाले. पांढरा दगड मात्र मला दिसला नाही. खोटं कशाला लिहू.

घेऊन ये त्यांना.

वाट पाहणारी,
सुप्रभामावशी

*

स्लाऊ,
१० एप्रिल १९८८

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी डॅडना इंग्रजीत सांगत सांगत वाचून दाखवलं. पाण्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. उठून बागेत गेले. पडलेल्या चेरीच्या बुंध्यावर बराच वेळ बसले होते. परत आल्यावर फक्त एवढं विचारलं की तिथे बूट कोणते लागतील.

अ‍ॅलन मात्र भडकला. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला दगडांचा ढिगारा बघायला देशाच्या दुसऱ्या टोकाला कशाला न्यायचं, छातीचं दुखणं आहे, वाटेत काही झालं तर? मी म्हटलं तिथे माझी मावशी डॉक्टर आहे. तो म्हणाला, आमच्या घरच्या गोष्टीत तुझी मावशी कुठून आली? मावशी, हे तुला लिहायला नको होतं, पण मला ते लागलं. तासाभराने त्यानेच येऊन माफी मागितली, पण यायला तयार नाही.

आमच्या पत्रांना एकच उत्तर आलं. ग्रिम्सबीच्या मिस आयडा स्केल्डरो, बंदरावर माशांच्या बाजारात आयुष्य गेलं, आता एकट्याच असतात. त्यांनी लिहिलंय की जगात आणखी कोणाला हे नाव रोज स्पेलिंग करून सांगावं लागतं हे ऐकून फार बरं वाटलं. त्याही येणार आहेत! तुझ्याकडे एवढी माणसं मावतील ना?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही किंग्ज क्रॉसहून निघू, लीड्सला गाडी बदलून. डॅड दुपारी आता झोपत नाहीत. बूट रुळवतात. नवे बूट चावू नयेत म्हणून घरभर घालून फिरतात.

भेटीच्या ओढीने,
मीनल

*

स्लाऊ,
१२ जून १९८८

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. एकटीच. हे लिहिताना अजून विचित्र वाटतं.

येताना गाडीत मी डोळे मिटले की तोच दिवस पुन्हा सुरू व्हायचा. तू पुढे, मी मागे, आणि मध्ये डॅड आणि आयडा, ती दोघं म्हातारी एकमेकांना ओळखत नसल्यासारखी अंतर ठेवून चाललेली. ते कर्ल्यू पक्षी, लांबून शीळ घातल्यासारखे. भिंतींमधल्या वाटेवर डॅड माझा हात सोडून पुढे गेले ते तू पाहिलंस ना? वळणाच्या आधीच त्यांनी टोपी काढली. मला वाटलं ते रडतील. ते तर हसायला लागले. आणि आयडाही हसायला लागल्या, आणि दोघांचं हसणं तंतोतंत एक, आधी आवाज नाही, नुसते खांदे, मग एकदम घोड्यासारखं. तिथे मला पहिल्यांदा खरंच पटलं की ती दोघं एका रक्ताची आहेत.

संध्याकाळी त्यांनी तुझ्या स्वयंपाकघरात सांगितलं की मी इथेच राहतो, मिसेस थ्वेटच्या वरच्या खोलीत. तू म्हणालीस, राहू दे. तू बरोबर असशील. पण मावशी, मी शोधून दिलं आणि माझंच घर रिकामं झालं. त्यांच्या कपाला हात लावला की वाटतं ते कुठूनतरी साखर मागतील. मी त्यांचं सगळं नीट नव्हते का करत? अ‍ॅलन काही बोलत नाही. त्याने बोलावं, मी सांगितलं होतं म्हणावं, तर तेही नाही. नुसता रोज पोस्ट बघतो.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
मीनल

*

रेव्हन्सगिल,
४ सप्टेंबर १९८८

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

राग पोचला. तो मी इथे खुंटीला टांगून ठेवलाय, येशील तेव्हा घेऊन जा.

तुझ्या सासऱ्यांची तब्येत उत्तम आहे. छाती स्वच्छ. रोज वर जातात, गवतात बसतात, कधी डुलकी लागते. मिसेस थ्वेटांचा कुत्रा त्यांना जेवायला बोलवायला जातो. गंमत म्हणजे इथे त्यांना स्केल्डरो म्हणून कोणी हाक मारत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी ऐटीत नाव सांगितलं तर मिसेस थ्वेटांचे यजमान, म्हणजे थ्वेट, म्हणाले, ती तर आमच्या मेंढरांची जागा, तुमचं नाव काय? तेव्हापासून सगळ्या खोऱ्यात त्यांचं नाव स्लाऊ विल्फ, म्हणजे स्लाऊचा विल्फ्रेड. आधी फुगून बसले. आता त्याच नावाने पबात त्यांचा ग्लास वेगळा ठेवलेला असतो.

काल ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, मीनलला पत्र लिहायचंय, पण तुमच्या भाषेत, म्हणजे ते नीट बसेल. तर हे पुढचं त्यांचं आहे. मी फक्त हात चालवते.

प्रिय मीनल. तुला वाटत असेल मी तुम्हांला सोडून आलो. मला कळलं नव्हतं, तुझ्या मावशीने मला सांगितलं, आणि नीट झापून सांगितलं. तू काही कमी केलं नाहीस. मला फक्त इथे पुरेसं बसून घ्यायचं होतं. लहानपणी आजोबांच्या मांडीवरून मला नेहमी मध्येच उठवायचे, शाळेसाठी, जेवणासाठी. गोष्ट कधी पुरी झाली नाही. या उन्हाळ्यात ती झाली. पुढे काही नाही, गवतच आहे, पण ते मी पाहिलं. परवा एका फिरायला आलेल्या बाईने मला विचारलं की तुमचं घर कुठे. मी तोंड उघडलं आणि स्लाऊ म्हणून गेलो. मलाच नवल वाटलं. डोरिस तिथे आहे. तुम्ही तिथे आहात. थंडी पडायच्या आत मी येतो. अ‍ॅलनला स्टेशनवर पाठव, तो येईल. आयडाला ख्रिसमसला बोलावलं तर चालेल का? तुझा विल्फ्रेड.

वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलं की यात प्रेम हा शब्द कुठे आहे. मी म्हटलं, आमच्यात तो असा सुटा लिहीत नाहीत, सगळ्यात कालवलेला असतो. मान डोलावून गेले.

खोली उबदार करून ठेव.

तुझी,
सुप्रभामावशी

*

स्लाऊ,
२५ मार्च १९९०

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू फ्यूनरलला आलीस, दोन दिवस राहिलीस, तेव्हा मी नीट बोललेच नाही. डॅड गेले ते इतके अलगद की मी चहा घेऊन गेले आणि कप टेबलावर ठेवून वर त्यांच्याशी बोललेसुद्धा. त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे त्यांना डोरिसजवळ ठेवलं हे बरं झालं. दीड वर्ष मिळालं आम्हांला. आयडा दोन्ही ख्रिसमसला आल्या, पत्त्यांत दोघं एकमेकांना फसवायचे आणि खांदे हलवत हसायचे. त्या आता रोज फोन करतात.

काळजी अ‍ॅलनची आहे. रडला नाही. कामाला जातो, येतो, जेवतो. आईचं कपाट होतं तसं आता डॅडच्या खोलीचं दार. काल मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर म्हणाला, ठीक आहे मी, आणि दिव्याचा बल्ब बदलायला लागला. चांगला होता बल्ब. त्याला आत कुठेतरी हे खातंय की त्या उन्हाळ्यात तो आला नाही. हे त्याने कधी म्हटलं नाही, पण डॅड तिथल्या गोष्टी सांगायला लागले की तो खोलीतून उठून जायचा.

मी काय करू? मला गावं शोधता येतात, माणूस समोर बसलेला सापडत नाही.

तुझा आधार मागणारी,
मीनल

*

रेव्हन्सगिल,
२२ एप्रिल १९९०

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी फोनवर एवढंच सांगितलं की अ‍ॅलन इथे आहे आणि सुखरूप आहे. तू काय काय कल्पना केल्या असतील ते मला कळतंय, म्हणून तो निघाल्यावर लगेच लिहायला बसले.

कामाला म्हणून निघाला तो मोटरवेवर वळण चुकला आणि परत फिरलाच नाही, असं म्हणाला. दारात उभा राहिला तेव्हा अंगावर ऑफिसचा कोट. मी कोट काढून घेऊन खुंटीला लावला. वरणभात वाढला, तो त्याने जेवला. शनिवारी सकाळी म्हणाला मला ती जागा दाखवा. मी वाटेच्या तोंडापर्यंत गेले आणि गुडघ्याचं निमित्त सांगून तिथूनच परतले. गुडघे माझे उत्तम आहेत.

पुढचं मला त्याने आणि मग थ्वेटांनी सांगितलं. हिवाळ्यात वरची एक भिंत ढासळली होती, ती थ्वेट लावत होते. अ‍ॅलन बराच वेळ लांब उभा होता. धुकं उतरत होतं. थ्वेटांनी काम न थांबवता त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि विचारलं की तू स्लाऊ विल्फचा मुलगा ना. अ‍ॅलनने विचारलं, तुम्ही कसं ओळखलं? थ्वेट म्हणाले, दोन्ही हात पाठीमागे घेऊन असं वाकून उभं राहणारा इथे दुसरा कोणी नव्हता. मग म्हणाले, तो मोठा दगड जरा धर.

संध्याकाळपर्यंत दोघं भिंत लावत होते. अंधार पडायच्या सुमाराला तो परतला, हात सोलवटलेले, कोटाची वाट लागलेली. मी कोमट पाण्यात डेटॉल घातलं आणि त्याचे हात त्यात धरले. त्याने मला तीनदा तेच सांगितलं, त्यांनी मला ओळखलं, मावशी, बघताक्षणी ओळखलं. मावशी म्हणाला, मराठीत. तिसऱ्यांदा सांगताना त्याला रडू आवरेना. लहान मूल रडतं तसा रडला गं. मी पदर पुढे केला, दुसरं काही हाताशी नव्हतं.

आज सकाळी दहा वाजेपर्यंत झोपला होता. मी उठवलं नाही. निघताना म्हणाला की भिंत अर्धी राहिली आहे, थ्वेटांनी मेमध्ये यायला सांगितलंय, आणि मीनललाही आण म्हणालेत, तिचे हात बारीक आहेत, फटींत छोटे दगड बसवायला कोणीतरी लागतं.

तर बूट घेऊन ठेव. आणि आत्तापासून घरात घालून फिर.

तुम्हां दोघांची,
सुप्रभामावशी